भार वाहणारी तुळई : गलबताच्या शिडापासून विमानाच्या पंखापर्यंत

शिडाचे जहाज आणि विमान ही दोन्ही वाहने हवेच्या दाबाचा उपयोग करून घेतात. शिडावर वारा आदळतो व जहाज पुढे सरकते. पंखाभोवतून हवा वाहते व विमान वर उचलले जाते. शीड म्हणजे शेवटी कापड होय, आणि विमानाच्या पंखाचे आवरणही मुळात कापडाचेच होते. या आवरणावर पडलेला हवेचा भार उचलून तो जहाजाच्या किंवा विमानाच्या अंगापर्यंत पोहोचविणारा एखादा भक्कम घटक असल्याखेरीज दोन्ही वाहने निरुपयोगी ठरतात. जहाजावर हे काम डोलकाठी व तिच्या सोबतच्या आडव्या-तिरप्या काठ्या करतात. विमानात ते काम पंखाच्या आत मुळापासून टोकापर्यंत गेलेली तुळई करते.

इंग्रजीत या दोन्ही घटकांना एकच नाव आहे, ते म्हणजे ‘स्पार’. विशेष म्हणजे पूर्वी घराच्या छपराच्या वाशालाही हाच शब्द वापरीत असत. वासा, डोलकाठी आणि पंखातील तुळई यांची कामगिरी एकाच जातीची आहे, हे या शब्दाच्या प्रवासावरून सहज ध्यानात येते. तिन्हींचा आणखी एक समान धर्म आहे. त्या शाबूत असतात तोवर त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही; त्या मोडतात तेव्हा मात्र माणसांचे प्राण जातात. म्हणूनच या घटकाची रचना, त्याचे कार्य आणि त्याची देखभाल यांचा परिचय करून घेणे उपयुक्त आहे.

डोलकाठीचे काम

शिडाच्या जहाजावर अनेक काठ्या असतात. मधोमध उभी असते ती डोलकाठी. शिडाची वरची कड ज्या लांब काठीला बांधलेली असते तिला आपल्या किनाऱ्यावर परबाण म्हणतात. काही जहाजांवर शिडाच्या खालच्या कडेलाही एक काठी असते, तर काहींच्या नाळेपासून पुढे पाण्यावर झेपावलेली काठी पुढच्या शिडांचे दोर धरून ठेवते.

वाऱ्याने शीड फुगले म्हणजे तो जोर प्रथम परबाणावर येतो. परबाणावरून तो डोलकाठीवर आणि डोलकाठीच्या बुंध्यातून जहाजाच्या तळाच्या कण्याकडे जातो. डोलकाठी वाकून मोडू नये म्हणून तिला दोन्ही बाजूंनी, तसेच पुढून व मागून दोरांनी जखडलेले असते. वारा एका बाजूने आला की त्या बाजूचे दोर ताणले जातात. हा ताण डोलकाठीला केवळ उभे धरीत नाही, तर तिला खाली दाबतोही. झाडूची एखादी काडी जमिनीवर उभी धरून वरून दाबली, तर ती चुरडण्यापूर्वी मधोमध बाजूला वाकते. लांब आणि सडपातळ डोलकाठीलाही हाच धोका असतो. त्यामुळे ती कशी दाबली जाते आणि मध्ये कोठे धरली आहे, यांवर तिची सुरक्षितता अवलंबून असते. एक दोर तुटला तरी सारा समतोल बिघडून काही क्षणांत संपूर्ण डोलकाठी कोसळू शकते.

कोकण किनाऱ्यावरील फत्तेमारी, मचवा, पडाव यांसारख्या जहाजांची बांधणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्यांची डोलकाठी बहुधा पुढे कललेली असे आणि परबाण फार लांब असे. एवढ्या लांबीचे एकसंध लाकूड मिळणे कठीण, म्हणून दोन किंवा अधिक लाकडे एकमेकांवर चढवून दोराने घट्ट बांधून परबाण तयार करीत. ते मध्यभागी जाड व दोन्ही टोकांकडे निमुळते होत जाई. जेथे भार अधिक तेथे लाकूड अधिक, आणि जेथे भार कमी तेथे लाकूड कमी, हा नियम किनाऱ्यावरील सुतारांनी गणिताच्या पुस्तकाविना आत्मसात केला होता. विमानाच्या पंखाची तुळई नेमक्या याच नियमाने मुळाशी जाड आणि टोकाशी बारीक केलेली असते.

लाकडासाठी राज्यांची धडपड

डोलकाठीचे लाकूड लांब, सरळ, गाठी नसलेले, वजनाने बेताचे आणि लवचीक असावे लागते. असे झाड सर्वत्र मिळत नाही. जहाजाच्या अंगासाठी सागवान उत्तम. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागवानात बांधलेले आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरविलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाहावयास मिळते. डोलकाठीसाठी मात्र निराळे लाकूड शोधावे लागे. पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडील जंगलातील पून या झाडाचे सरळसोट बुंधे त्यासाठी प्रसिद्ध होते.

इंग्लंडच्या आरमाराला हा प्रश्न फार जाचला. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरून येणारे लाकूड युद्धकाळात अडले की जहाजबांधणी धोक्यात येई. म्हणून १६९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीला दिलेल्या सनदेत अशी तरतूद करण्यात आली की, जमिनीपासून एक फूट उंचीवर ज्यांचा व्यास २४ इंच किंवा अधिक आहे, अशी सरकारी मालकीच्या जमिनीवरील झाडे राजाच्या आरमारासाठी राखीव राहतील. अशा पाइन वृक्षांवर बाणाची खूण कोरली जाई. वसाहतीतील लोकांना हे निर्बंध असह्य झाले. १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील वेअर या गावी अशा लाकडावरून सरकारी अधिकाऱ्यांना मारहाण झाली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धापूर्वीच्या असंतोषात या प्रसंगाची गणना होते.

या इतिहासाची पुढे एका वेगळ्या स्वरूपात पुनरावृत्ती झाली. पहिल्या महायुद्धात विमाने लाकडाची होती आणि पंखांच्या तुळयांसाठी स्प्रूस जातीचे हलके, सरळ धाग्याचे लाकूड सर्वोत्तम मानले जाई. १९१७ मध्ये अमेरिकेच्या सैन्याने केवळ हे लाकूड मिळविण्यासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि हजारो सैनिक पॅसिफिक किनाऱ्यावरील जंगलांत तोडणीच्या कामावर पाठविले. सव्वादोनशे वर्षांच्या अंतराने जहाज गेले आणि विमान आले. सरळ लाकडाची गरज तीच राहिली.

दोरांनी बांधलेला पंख

राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी उडविलेले विमान पाहिले, तर त्यात शिडाच्या जहाजाचे अनेक गुण दिसतात. त्याचे पंख सुमारे १२.३ मीटर रुंदीचे, एकावर एक असे दोन होते. प्रत्येक पंखात पुढे व मागे अशा स्प्रूसच्या दोन तुळया होत्या. त्यांवर बरगड्यांसारख्या बारीक फळ्या बसवून वरून मलमलीचे कापड ताणले होते. दोन्ही पंखांमध्ये उभे खांब आणि त्यांना कर्णरेषेत जोडणाऱ्या तारा होत्या. तारांनी ताण घ्यावयाचा आणि लाकडाने दाब सोसावयाचा, ही विभागणी जहाजावरील दोर व डोलकाठी यांच्यासारखीच होती.

या रचनेत वजन कमी राही. परंतु उघड्यावरील तारा व खांब हवेला फार विरोध करीत. वेग वाढवावयाचा तर ते काढून टाकणे आवश्यक होते. तारा काढल्या की पंखाला बाहेरून कोणताच आधार उरत नाही. मग सारा भार पंखाच्या आतील तुळईनेच सोसावा लागतो. जर्मनीत ह्यूगो युंकर्स यांनी १९१५ मध्ये बाहेरील तारांशिवाय उभा राहणारा संपूर्ण धातूचा पंख असलेले विमान प्रत्यक्ष उडवून दाखविले. तेव्हापासून तुळई पंखाच्या पोटात गेली, आणि डोळ्यांआडही गेली.

भार कसा वाहिला जातो

भिंतीत एका टोकाला रोवलेल्या आणि दुसरे टोक मोकळे असलेल्या सज्जाच्या तुळईशी पंखाची तुलना करता येते. फरक इतकाच की सज्जावरील भार खाली ओढतो, तर पंखावरील हवेचा जोर वर उचलतो. पंख वर वाकू पाहतो. त्यामुळे तुळईच्या वरच्या भागावर दाब येतो आणि खालच्या भागावर ताण येतो. वाकविणारा जोर टोकाशी शून्य असतो व मुळाकडे वाढत जाऊन, पंख विमानाच्या अंगाला मिळतो तेथे सर्वाधिक होतो.

एका लहान उदाहरणावरून याची कल्पना येईल. समजा, विमानाचे वजन १,००० किलो आहे. सरळ उडताना प्रत्येक पंख ५०० किलो भार उचलतो. हा भार पंखाच्या मुळापासून सरासरी २ मीटर अंतरावर एकवटला आहे असे धरले, तर मुळाशी वाकविणारा परिणाम ५०० गुणिले २, म्हणजे १,००० किलो-मीटर होतो. तेथे तुळईची उंची २० सेंटिमीटर असेल, तर तिच्या वरच्या पट्टीवर ५,००० किलोचा दाब व खालच्या पट्टीवर ५,००० किलोचा ताण येतो. संपूर्ण विमानाच्या वजनाच्या पाचपट भार एका हाताएवढ्या रुंदीच्या पट्टीने सोसावयाचा असतो. तुळईची उंची निम्मी केली तर हाच भार दुप्पट होईल.

विमान वळते तेव्हा भार आणखी वाढतो. ६० अंशांत कलून समपातळीवर वळणाऱ्या विमानाच्या पंखांना वजनाच्या दुप्पट भार उचलावा लागतो. वादळी हवेच्या धक्क्यांनीही असेच घडते. म्हणून सर्वसाधारण वापराच्या लहान विमानाचा पंख वजनाच्या ३.८ पट भारापर्यंत कायमचा न वाकता टिकला पाहिजे, असा दंडक आहे. त्यावर आणखी दीडपट भार पडला तरी तो मोडता कामा नये. प्रवासी विमानांच्या बाबतीत पहिली मर्यादा बहुधा अडीचपट असते. दीडपटीचा नियम तेथेही लागू आहे.

तुळईचा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा का करतात, हेही यावरून समजते. खरे काम वरच्या व खालच्या पट्ट्या करतात. मधला पातळ पत्रा त्या दोहोंना ठरावीक अंतरावर धरून ठेवतो. मध्यभागी जाड धातू घालून वजन वाढविण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या महायुद्धातील ‘स्पिटफायर’ या ब्रिटिश विमानात या पट्ट्यांसाठी एकात एक बसणाऱ्या चौकोनी नळ्या वापरल्या होत्या. मुळाशी त्या संख्येने अधिक असत आणि टोकाकडे एकेक कमी होत जाई. लाकडावर लाकूड चढवून बांधलेल्या परबाणाचीच ही धातूतील आवृत्ती म्हणता येईल.

आधुनिक प्रवासी विमानात पुढची तुळई, मागची तुळई आणि वरखालचे जाड आवरण मिळून एक बंद पेटी तयार होते. ही पेटी वाकण्याला तसाच पिळवटण्यालाही विरोध करते. तिच्यातच इंधन साठविले जाते. इंधनाचे वजन खाली आणि हवेचा जोर वर, अशा परस्परविरोधामुळे पंखाच्या मुळावरील भार काहीसा हलकाही होतो. अलीकडे कार्बन तंतू व राळ यांपासून केलेल्या तुळया वापरात आल्या आहेत. २०११ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या बोइंग ७८७ विमानाच्या रचनेत वजनाने सुमारे निम्मा भाग अशा संमिश्र पदार्थांचा आहे.

नव्या पंखाची परीक्षा कारखान्यात घेतली जाते. १४ जानेवारी १९९५ रोजी बोइंग ७७७ चा पंख यंत्रांनी मुद्दाम वर वाकवीत नेला, तेव्हा तो ठरविलेल्या मर्यादेच्या १५४ टक्के भाराला मोडला. आवश्यकता १५० टक्क्यांची होती. फेब्रुवारी २००६ मध्ये एअरबस ए-३८० चा पंख १४५ टक्क्यांच्या आसपास मोडला आणि त्याला बळकटी द्यावी लागली. कारखान्यात मोडलेला पंख कोणाचा जीव घेत नाही. आकाशात मोडलेल्या पंखांनी मात्र मानवजातीला फार महाग धडे दिले आहेत.

अपघातांनी शिकविलेले धडे

३१ मार्च १९३१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात बझार या गावाजवळ फोकर एफ-१० जातीचे प्रवासी विमान कोसळले. त्यातील आठही जण मृत्युमुखी पडले. त्यांत नूट रॉकनी हे त्या देशातील अत्यंत लोकप्रिय फुटबॉल प्रशिक्षक होते. विमानाचा पंख लाकडी होता. ओलाव्यामुळे आतील सरसाचे जोड कमकुवत झाले होते. पंख प्लायवूडने पूर्ण मढविलेला असल्यामुळे तो फोडल्याखेरीज तुळईची अवस्था पाहणे शक्य नव्हते. लोकक्षोभ इतका झाला की या जातीच्या विमानांची वारंवार तपासणी सक्तीची झाली, आणि लवकरच प्रवासी वाहतुकीतून लाकडी पंख मागे पडून धातूची विमाने आली.

धातू कुजत नाही, म्हणून प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. ती समजूत ३१ जानेवारी १९४५ रोजी ऑस्ट्रेलियात खोटी ठरली. व्हिक्टोरिया राज्यात स्टिन्सन जातीच्या विमानाचा पंख हवेत निखळून दहा जण ठार झाले. तपासात असे आढळले की, पंखाच्या तुळईच्या पोलादी जोडात बारीक तडा पडून तो हळूहळू वाढत गेला होता. पुन:पुन्हा पडणाऱ्या, एरवी सहज सोसवणाऱ्या भारानेही धातूत असा तडा निर्माण होतो. याला धातूची श्रांती म्हणतात. तार एकदा वाकविली तर तुटत नाही, पण मागेपुढे अनेकदा वाकविली की तुटते. तत्त्व हेच आहे. या अपघातानंतर ऑस्ट्रेलियात धातूच्या श्रांतीचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला आणि मेलबर्न येथील संशोधनाला जगभर मान्यता मिळाली.

अभ्यासातून तुळईचे आयुष्य ठरविण्याची पद्धत आली. ठरावीक उड्डाणांनंतर ती चांगली दिसत असली तरी बदलावयाची. परंतु हा नियमही हातांच्या अचूकपणावर अवलंबून असतो, हे ३१ डिसेंबर १९६८ च्या घटनेने दाखविले. पर्थहून पोर्ट हेडलंडला जाणाऱ्या व्हायकाउंट विमानाचा उजवा पंख हवेत तुटला व २६ जणांचा अंत झाला. त्या तुळईचे आयुष्य ११,४०० उड्डाणे ठरविले होते. ती ८,०९० उड्डाणांतच मोडली. पूर्वी एका भोकात पोलादी नळकांडे बसविताना ते चुकीच्या रीतीने फुगविले गेले होते. तेथे धातूवर जो अनाठायी ताण पडला, त्यातून तड्याचा जन्म झाला. आयुष्याचा हिशेब बरोबर होता; पण तो निर्दोष बसविलेल्या सुट्या भागाचा हिशेब होता.

हे प्रश्न जुन्या काळाबरोबर संपलेले नाहीत. ४ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात डेटोना बीच येथे वैमानिक प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या पायपर विमानाचा डावा पंख निखळून विद्यार्थी व परीक्षक दोघेही ठार झाले. विमान २००७ मध्ये बनलेले होते आणि त्याचे सुमारे ७,६९० तासांचे उड्डाण झाले होते. तुळईच्या खालच्या पट्टीतील बोल्टच्या भोकांपाशी श्रांतीचे तडे सापडले. प्रशिक्षणाच्या विमानाला दिवसातून अनेकदा उतरावे व उडावे लागते. त्यामुळे त्याच्या तुळईवर सामान्य विमानापेक्षा अधिक वेळा भार पडतो. नंतर तेथील विमान वाहतूक प्रशासनाने अशा विमानांच्या तुळयांची विद्युत्-चुंबकीय उपकरणाने तपासणी सक्तीची केली.

या चारही घटनांत तुळईवर तिच्या ताकदीबाहेरचा भार कोणी टाकला नव्हता. ओलावा, वारंवारिता, सदोष दुरुस्ती आणि न दिसणारी भोके यांनी तिची ताकद आधीच पोखरली होती.

समुद्रावरही धोका असाच आहे. २०१८ मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब स्पर्धेत भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी हे गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या नौकेतून सहभागी झाले होते. सप्टेंबर महिन्यात हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील वादळात नौका उलथली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली. २४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. त्याच वादळात डोलकाठी गमावलेले आयरिश स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन यांनी तात्पुरती काठी उभी करून टॉमी यांच्या दिशेने मदतीसाठी नौका वळविली होती, ही गोष्ट दर्यावर्दी परंपरेला शोभणारी होय. पुढे टॉमी याच स्पर्धेत पुन्हा उतरले व २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने प्रदक्षिणा पूर्ण करून आले.

तपासणीच्या रीती

तुळईची तपासणी आज अनेक प्रकारे होते. पृष्ठभागावर रंगीत द्रव लावून तो पुसला की तड्यात शिरलेला द्रव बाहेर येऊन रेघ दाखवितो. क्ष-किरणांनी व ध्वनिलहरींनी आतील दोष कळतात. धातूत भोवऱ्यासारखे विद्युत्-प्रवाह निर्माण करून तड्यापाशी त्यांत होणारा बदल टिपता येतो. रचनाकारांची दृष्टीही बदलली आहे. तडा पडणारच नाही असे गृहीत न धरता, तो पडला तरी पुढच्या तपासणीपर्यंत पंख टिकेल आणि एक पट्टी मोडली तर तिचा भार दुसरी घेईल, अशी मांडणी केली जाते. प्रत्येक उड्डाणाची, प्रत्येक दुरुस्तीची व बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद ठेवणे हा या व्यवस्थेचा पाया आहे.

आपला वारसा आणि वर्तमान

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज चितारलेले आहे. पाचव्या शतकातील अजिंठ्याच्या चित्राच्या आधारे गोव्यात जुन्या पद्धतीने, फळ्या दोराने शिवून बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात समाविष्ट झाले. चित्रावरून आकार कळला. पण डोलकाठी वारा सोसेल की नाही हे चित्र सांगू शकत नाही. त्यासाठी नौदलाने डोलकाठीच्या बळकटीची स्वतंत्र पडताळणी केली. जुनी कारागिरी आणि आजचे गणित यांचा हा मेळ अनुकरणीय आहे. गोव्यातच बांधलेले तीन डोलकाठ्यांचे ‘तरंगिणी’ हे जहाज १९९७ पासून नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांना शिडावरील शिक्षण देत आले आहे.

विमानाच्या क्षेत्रात डॉ. विष्णु माधव घाटगे यांचे नाव आदराने घेतले जाते. कोल्हापूर भागातील घाटगे यांनी जर्मनीतील गटिंगेन येथे प्रा. लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली अध्ययन केले. त्यांच्या नेतृत्वाखाली बंगळूर येथे आखलेले ‘एच.टी.-२’ हे धातूचे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले. त्याच्या पंखाला बाहेरून कोणताही टेकू नव्हता. सारा भार आतील रचनेवर होता. ‘तेजस’ या लढाऊ विमानाच्या पंखात कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाचा मोठा वापर आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिक येथील कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले. विमानाची तुळई हा विषय आता महाराष्ट्रातील कारागिरांच्या व तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांच्या रोजच्या कामाचा झाला आहे.

शाळेत करून पाहण्याजोगे

शिक्षकांना हे तत्त्व एका पट्टीने दाखविता येईल. तीन सेंटिमीटर रुंद व तीन मिलिमीटर जाड लाकडी पट्टी टेबलाच्या कडेला अर्धी बाहेर काढून आडवी धरावी व टोकाला छोटे वजन टांगावे. ती चटकन वाकेल. तीच पट्टी कडेवर उभी धरून तेच वजन टांगले, तर ती वाकलेली दिसणारही नाही. लाकूड तेच, वजन तेच. केवळ उंची दहापट झाल्याने ताठपणा शंभरपट होतो. दुसरा प्रयोग कागदाचा. साधा कागद दोन पुस्तकांवर आडवा ठेवला की स्वतःच्या भाराने खाली येतो. त्याला पंख्यासारख्या घड्या घातल्या की तो पेनचे वजन सहज पेलतो. तिसऱ्या प्रयोगासाठी कागद साठविण्याची तारेची चाप पुरे. ती सरळ करून एकाच जागी मागेपुढे वाकवावी व कितव्या खेपेस तुटते ते प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत लिहावे. धातूची श्रांती याहून सोप्या रीतीने समजाविता येणार नाही.

गावाने घ्यावयाचा बोध

डोलकाठी किंवा विमानाचा पंख हा ग्रामपंचायतीच्या कारभारातील विषय नव्हे. परंतु शाळेच्या व समाजमंदिराच्या छपराची तुळई, ओढ्यावरील साकव, पाण्याच्या टाकीचे खांब आणि झोक्याची आडवी काठी हे सारे त्याच कुळातील घटक आहेत. १९३१ च्या पंखाप्रमाणे तुळईचे भिंतीत गेलेले टोक ओल लागून आतल्या आत कुजते आणि बाहेरून रंग मात्र ताजा दिसतो. १९६८ च्या दुरुस्तीप्रमाणे घाईने ठोकलेला एखादा बोल्ट पूर्वीपेक्षा अधिक हानी करतो.

विमानांच्या इतिहासाने घालून दिलेले तीन नियम येथेही लागू पडतात. पहिला, भार कोठून कोठे जातो याचा माग काढावा. ज्या जागेवरून सर्वाधिक भार जातो ती जागा आधी पाहावी. दुसरा, जो भाग झाकलेला आहे तो उघडून पाहावा; दिसणाऱ्या भागावरून न दिसणाऱ्याचा अंदाज बांधू नये. तिसरा, बांधकामाचे वर्ष, दुरुस्ती व तपासणीचा दिवस यांची नोंदवही ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वी ती सभेपुढे आणावी. या कामाला फारसा खर्च येत नाही. नियमितपणा तेवढा लागतो.

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, असे आपण म्हणतो. तुळईच्या बाबतीत क्रम उलटा आहे. येथे आधी वासे फिरतात, आणि ते वेळीच पाहिले नाहीत तर मग घर फिरते.